दोन बस, दोन कारभार

कोल्हापूरहून कागलला जायला रस्ता एकच, पण बस दोन. एक एसटीची लाल गाडी आणि दुसरी महापालिकेची केएमटी. गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत कामाला जाणारा माणूस जी आधी येईल तिच्यात चढतो. त्याच्या लेखी दोन्ही सरकारीच. प्रत्यक्षात एकीचा मालक मुंबई सेंट्रलला बसतो आणि दुसरीचा भाऊसिंगजी रोडवर. दोघींचे पास वेगळे, तिकिटं वेगळी, वेळापत्रकंही वेगळी. कुणी कुणाला विचारून गाडी सोडल्याचं आजवर ऐकिवात नाही. गेल्या पाऊणशे वर्षांकडे वळून पाहिलं तर जिल्ह्यात बस आली कशी हे सहज सांगता येतं, पण बसचा कारभार एका ठिकाणी का आला नाही हे सांगायला जरा मागे जावं लागतं.

1 जून 1948 ला पुणे ते अहमदनगर पहिली एसटी धावली, तेव्हा कोल्हापूर अजून संस्थान होतं. 1 मार्च 1949 ला ते मुंबई राज्यात विलीन झालं. तोवर गावोगावचा प्रवास खासगी सर्व्हिस मोटारींच्या मर्जीवर चालायचा. गाडी भरल्याशिवाय सुटायची नाही आणि पावसाळ्यात तर बऱ्याच गावांना ती दिसायचीही नाही. 1950 मध्ये रस्ते वाहतूक महामंडळांचा कायदा झाला आणि एसटी सरकारी खात्यातून महामंडळात गेली. टप्प्याटप्प्याने मार्ग राष्ट्रीयीकृत झाले आणि सर्व्हिस मोटारवाल्यांना बाजूला व्हावं लागलं. नफ्याच्या रस्त्याच्या कमाईवर तोट्याच्या गावाची गाडी चालवायची, हा त्यामागचा विचार होता. तो चांगलाच होता. गगनबावड्याच्या घाटातली किंवा चंदगडच्या पश्चिमेकडची गावं एरवी कुणाच्याही हिशोबात आली नसती.

कागदावर एसटीची उतरंड सरळ आहे. वर संचालक मंडळ, त्याचं अध्यक्षपद कधी मंत्र्याकडे, कधी अधिकाऱ्याकडे. खाली विभाग आणि विभाग नियंत्रक, त्याखाली आगार. कोल्हापूर विभागात बारा आगारं आहेत: कोल्हापूर, संभाजीनगर, इचलकरंजी, कुरुंदवाड, कागल, गडहिंग्लज, आजरा, चंदगड, गारगोटी, राधानगरी, गगनबावडा आणि मलकापूर. लोकांचा राग निघतो तो आगार व्यवस्थापकावर, आणि गंमत अशी की त्याच्या हातात सगळ्यात कमी असतं. गाड्या वरून वाटून येतात. भरती वरून होते. तिकिटाचा दर राज्य परिवहन प्राधिकरण ठरवतं. उरतं काय, तर आहेत त्या गाड्यांवर आहेत त्या माणसांच्या ड्युट्या लावणं आणि माणूस कमी पडला की कुठली फेरी तोडायची ते ठरवणं. ही तोडलेली फेरी बहुतेक वेळा आडगावाचीच असते.

ही यंत्रणा माहितीवर चालायची, आणि ती माहिती गोळा करायचा वाहक. यंत्रं येण्याआधीच्या काळात ड्युटीवर निघताना त्याला तिकिटांचा ट्रे आणि वेबिल मिळायचं. प्रत्येक किमतीच्या गठ्ठ्यातल्या पहिल्या तिकिटाचा नंबर आधी वेबिलावर चढवायचा, वाटेत नोंदी करत जायचं आणि रात्री आगारात शेवटचा नंबर लिहून वजाबाकीवर रोकड जुळवायची. कमी पडली तर खिशातून. मधेच चेकिंगवाले चढले की गाडीतली डोकी मोजायची आणि वेबिलावर सही ठोकायची. या कागदावरून सहा किलोमीटरच्या प्रत्येक टप्प्यावर गाडीत किती माणसं होती हे कळायचं. तेच पुढे भारमान म्हणून विभागाकडे, विभागाकडून मुंबईला. आता हे काम हातातलं मशीन करतं, पण माहितीची दिशा तीच राहिली, खालून वर. वरून खाली येतो तो हुकूम. प्रवाशाचं म्हणणं या वाटेने कधी जात नाही. ते आमदाराच्या पत्रातून जातं, नाहीतर शाळेच्या पोरांनी रस्त्यावर गाडी अडवली की जातं. 2024 मध्ये महामंडळाने आगारांत ‘प्रवासी राजा दिन’ सुरू केला. पंच्याहत्तरी ओलांडल्यावर का होईना, राजाला दरबार मिळाला.

तरीही जुन्या एसटीवाल्यांच्या नियोजनाला मी मनापासून दाद देतो, ती मुक्कामाच्या गाडीसाठी. संध्याकाळी शेवटची गाडी गावात जायची आणि तिथेच थांबायची. चालक-वाहक देवळात किंवा शाळेच्या व्हरांड्यात अंथरूण टाकायचे, पैशांची बॅग उशाला. गावातलं कुणीतरी भाकरी-आमटी आणून द्यायचं. पहाटे तीच गाडी पहिली फेरी म्हणून बाजारकरी आणि कॉलेजची पोरं घेऊन निघायची. रिकामी गाडी परत न्यायचं डिझेल वाचलं आणि गावाला रोज एक हमखास पहाटगाडी मिळाली. कुठल्याही सल्लागार कंपनीच्या अहवालाशिवाय सुचलेली ही युक्ती होती. माणसं कमी पडू लागली तसे मुक्काम तुटत गेले आणि त्याबरोबर कित्येक मुलींचं बारावीनंतरचं शिक्षणही. या दुसऱ्या नुकसानीचा रकाना वेबिलावर नव्हता.

एसटीच्या हद्दी आखल्या गेल्या त्या सरकारी नकाशावर. चंदगडच्या माणसाचा बाजार, दवाखाना, कोर्टकचेरीबाहेरचं सगळं बेळगावला. कोल्हापूर त्याला तिप्पट लांब. 1956 पर्यंत बेळगाव मुंबई राज्यातच होतं, त्यामुळे गाडीही एकाच घरची होती. राज्य पुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि रोजचा बाजार आंतरराज्य वाहतूक झाला. आता दोन राज्यांच्या करारात कुणी किती किलोमीटर चालवायचे ते लिहिलेलं असतं. कोल्हापूरहून निपाणीमार्गे गडहिंग्लजला जाणारा तर आपल्याच जिल्ह्यातल्या एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात जाताना कर्नाटकातून जातो. सीमाप्रश्नावरून कुठे गाडीला काळं फासलं की गाड्या बंद, आणि गडहिंग्लजकराला मुरगूडकडून वळसा. भाषिक प्रांतरचनेची किंमत तिकिटात मोजणारी माणसं इथे राहतात.

केएमटीची गोष्ट निराळी. साठच्या दशकात नगरपालिकेने शहर बस सुरू केली. डिसेंबर 1972 मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली आणि बससेवा महापालिका कायद्याच्या चौकटीत आली. ही चौकट मुळात वाईट नाही. परिवहन उपक्रमाचा निधी वेगळा, अंदाजपत्रक वेगळं. रोजचा कारभार परिवहन व्यवस्थापकाकडे, धोरण परिवहन समितीकडे, वर महासभा. एसटीच्या मानाने हा मालक प्रवाशाच्या किती जवळ! गंगावेशीतल्या माणसाला बस उशिरा आली तर समितीचा सदस्य तालमीत नाहीतर चहाच्या गाड्यावर सापडायचा. पण जवळचा मालक म्हणजे भिडेखातर कारभारही आला. थांबा आपल्या दारात हवा, फेरी आपल्या प्रभागातून हवी, माणूस आपला लागायला हवा. बसगणिक माणसं वाढली आणि सुटे भाग आणायला पैसा उरेना. शेवटी बुद्ध गार्डनच्या वर्कशॉपमध्ये बस उभ्या आणि पगारासाठी महापालिकेपुढे हात पसरलेला, ही केएमटीची कायमची तसबीर झाली. 2014 च्या सुमारास केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेतून 75 नव्या बस आल्या तेव्हा शहराला हुरूप आला होता. बस मिळाल्या, पण त्या दहा-बारा वर्षं धडधाकट ठेवायचा खर्च कुणी द्यायचा हे ठरलं नव्हतं.

नोव्हेंबर 2020 मध्ये महापालिका सभागृहाची मुदत संपली. नगरसेवक गेले, त्यांच्याबरोबर परिवहन समितीही गेली आणि पाच वर्षांहून जास्त काळ सगळा कारभार प्रशासकाकडे राहिला. भिडेखातर कारभार थांबला असेल, पण विचारायला जागाही उरली नाही.

केएमटीचं खरं दुखणं मात्र हद्दीचं आहे. शहराचं क्षेत्रफळ 66.82 चौरस किलोमीटर. महापालिका झाल्यापासून ते वाढलेलं नाही. माणसं मात्र पाचगाव, उचगाव, कळंबा, शिरोली, गांधीनगर अशी पसरली. बस त्यांच्यामागून जाणार हे ओघानेच आलं. म्हणजे सेवा हद्दीबाहेर आणि तोटा हद्दीतल्या करदात्यावर. हद्दवाढीचा वाद पेटला की ‘विरोध करणाऱ्या गावांची केएमटी बंद करा’ ही मागणी हटकून येते. शहरवाले म्हणतात, आमच्या पैशाने का? गाववाले म्हणतात, आम्ही तिकीट काढतो ना? दोघांचंही बरोबर आहे. 2017 मध्ये हद्दवाढीऐवजी 42 गावांचं नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झालं. त्याने बांधकाम परवान्यांचं पाहिलं. या गावांच्या बसचा खर्च कोण उचलणार, हा प्रश्न तिथे सुटला असता, पण तो त्याच्या टेबलावर आलाच नाही.

दोन्ही सरकारी गाड्यांच्या मधली जागा वडापने भरून काढली. जीप, टमटम, सहा आसनी, काय मिळेल ते. त्याला नावं ठेवणं सोपं आहे. पण वडापवाल्याला कुठे, किती वाजता, किती माणूस उभा असतो हे पाठ असतं आणि तो तिथे असतो. नोव्हेंबर 2021 च्या आधीपासून धुमसणारा एसटी कर्मचाऱ्यांचा राज्य सरकारात विलीनीकरणासाठीचा संप एप्रिल 2022 पर्यंत चालला. उच्च न्यायालयाने 22 एप्रिलपर्यंत कामावर या असं सांगितलं तेव्हा कुठे स्टँड पुन्हा गजबजले. त्या महिन्यांत जिल्हा वडापवर चालला आणि तुटलेला प्रवासी सगळा काही परत आला नाही. मार्च 2023 मध्ये महिलांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तेव्हा गाड्या भरल्या. मात्र ही सवलत एसटीची होती, शहर बसची नव्हे. एकाच रस्त्यावरच्या दोन सरकारी गाड्यांतली एक सरकारनेच निम्म्या दरात आणून ठेवली आणि दुसरीचं काय होईल हे कुणी विचारलं नाही.

हे दोघं एकत्र येऊच शकत नाहीत असंही नाही. चैत्रात जोतिबाची यात्रा आली की जिल्हाधिकारी बैठक बोलावतात. पोलिस, आरटीओ, एसटी, केएमटी एका टेबलाला बसतात. कुणाच्या गाड्या कुठून सुटतील, कुठे थांबतील, ठरतं आणि लाखोंचा समुदाय डोंगरावर जाऊन खाली येतो. महापुरातही हेच होतं. यात्रा संपली की टेबल मोडतं. वास्तविक कायद्याने ते टेबल बारमाही आहे. प्रादेशिक परिवहन प्राधिकरण नावाचं, जिल्हाधिकारीच त्याचे अध्यक्ष, आरटीओ सदस्य सचिव. परवाने आणि रिक्षाची भाडेवाढ यापलीकडे त्याचं नाव सहसा ऐकू येत नाही, इतकंच.

जर्मनीतल्या हॅम्बुर्गने 1965 मध्ये यावर वेगळा तोडगा काढला. रेल्वे, भुयारी रेल्वे, बस यांच्या कंपन्या जशा होत्या तशाच ठेवल्या आणि वर एक संघ नेमला. वेळापत्रक आणि तिकीट संघाचं, गाड्या ज्याच्या त्याच्या, आणि गोळा झालेला पैसा ठरलेल्या हिशोबाने वाटून. पुण्याने 2007 मध्ये दुसरी वाट धरली. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या बससेवा मोडून एकच कंपनी, पीएमपीएमएल. कोल्हापुरात एसटी आणि केएमटीचं असं विलीनीकरण होणार नाही. एक राज्याची, एक शहराची. पण संघ करणं हे तरी या जिल्ह्याला शिकवावं लागू नये. 1963 मध्ये सुरू झालेल्या गोकुळ दूध संघाच्या व्यवस्थेत गावोगावच्या दूध संस्था आपापल्या जागी स्वतंत्र आहेत, वर संघ आहे आणि संकलनाची गाडी ठरल्या वेळी गावात हजर असते. दूध नासतं म्हणून तिला उशीर चालत नाही. माणूस नासत नाही, म्हणून त्याला थांबवलं तरी चालतं असं आपण धरून चाललोय.

आता ही गोष्ट निकडीची झाली आहे, कारण गाडीची मालकीच बदलते आहे. 2017 मध्ये शिवशाही आली तेव्हाच एसटीने भाड्याच्या गाड्या रस्त्यावर आणल्या होत्या. केएमटीसाठी पीएम ई-बस सेवा योजनेत 100 इलेक्ट्रिक बस मंजूर झाल्या, त्याही याच पद्धतीच्या: गाडी आणि चालक ठेकेदाराचा, त्याला पैसे किलोमीटरप्रमाणे. गाडी रिकामी धावली तरी बिल निघणार. म्हणजे ठेकेदाराला प्रवाशाची गरज नाही, किलोमीटरची आहे. महापालिकेच्या हाती उरणार ते मार्ग, वेळ आणि तिकीट ठरवण्याचं काम, आणि नेमकं तेच काम आपण पाऊणशे वर्षांत एका ठिकाणी आणलेलं नाही.

प्रशासकीय काळ सरला आहे आणि महापालिकेत पुन्हा निवडून आलेली माणसं बसली आहेत. नव्या परिवहन समितीने पहिल्या सभेला विभाग नियंत्रकांना बोलवावं आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रादेशिक प्राधिकरणाच्या दरमहा बैठकीचा आग्रह धरावा. त्याला नवा कायदा लागत नाही, निधीही लागत नाही. आणि नगरसेवकांनो, बसच्या पुढ्यात नारळ फोडण्याआधी करारातलं एक कलम वाचून घ्या: फेऱ्या कोण ठरवणार आणि किलोमीटर कोण मोजणार.