गोमीची वंशावळ

मराठीच्या प्राध्यापकाने गोमीवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना हसू येईल. पण पोथ्यांचे पाठभेद ताडण्यात ज्याची वीस वर्षे गेली, त्याला हा विषय तितकासा परका नाही. एका लेखनिकाची चूक त्याच्या पोथीवरून उतरलेल्या सगळ्या प्रतींत दिसते, आणि अशा सामाईक चुकांवरूनच कोणती पोथी कोणाची लेक, हे ठरते. ज्ञानेश्वरीत चुका साचल्या म्हणूनच तर नाथमहाराजांनी १५८४ साली ती शुद्ध केली.

जीवशास्त्रज्ञांची पोथी म्हणजे डीएनए. पिढ्यान्‌पिढ्या नक्कल होताना त्यातही चुका राहतात. दोन जातींत फरक जितके अधिक, तितकी त्यांची ताटातूट जुनी. हजारो अक्षरे हाताने कोण ताडणार! ते काम 'बीस्ट'सारख्या संगणकाच्या आज्ञावली करतात आणि वंशवृक्षाच्या प्रत्येक फाट्याला अदमासे काळही लावून देतात.

आम्ही मोशीकर ज्या काळ्या कातळावर घरे बांधतो, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. हा रस थरावर थर पसरत असता इथले जीव कोठे गेले असतील? बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील जाह्नवी जोशी व प्रवीण कारंथ यांनी 'डिजिटिपीस' नावाच्या गोमींची वंशावळ मांडून २०१३ साली उत्तर दिले: सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला त्यांना आसरा मिळाला, आणि पुढे त्यांचे वंशज उत्तरेकडे सरकले. म्हणजे आपल्याकडची गोम ही परतलेली पाहुणी!

मात्र पूर्वी जाती किती वेगाने जन्मल्या नि किती वेगाने मेल्या, हे आज्ञावलीला विचाराल तर उत्तर जपून घ्यावे. त्यासाठी २०१४ साली 'बॅम' आली; दोनच वर्षांत तिच्या गणितावर वाद पेटला. २०२० मध्ये तर लूका व पेनेल या संशोधकांनी 'नेचर'मध्ये दाखवून दिले, की केवळ हयात जातींच्या वृक्षाशी जुळतील असे जन्ममृत्यूंचे इतिहास अगणित असतात. मला यात नवल वाटले नाही. आळंदी-देहूच्या परिसरात आज ज्या पोथ्या उरल्या, त्यांवरून वाळवीने किती खाल्ल्या, हे कोणी सांगावे?

गेलेल्यांची साक्ष जीवाश्मच देऊ शकतात. नागपूरकडे लाव्हाच्या दोन थरांमध्ये जुन्या तळ्यांचा गाळ सापडतो, त्यात गोगलगायींचे शंख मिळतात. गोमीचे जीवाश्म मात्र जगभरातच दुर्मीळ आहेत.