दारापासची सावली

गोव्यात येणारा पाहुणा येथील हिरवाईची स्तुती करतो आणि आपण ती संतोषाने ऐकतो. परंतु पणजी, मडगाव, म्हापसा वा वास्को येथे चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या वृद्धाच्या वाट्याला त्या हिरवाईतले किती येते, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. सत्तरीचे अरण्य त्याच्या खिडकीतून दिसत नाही. कांपालची झाडे आणि मिरामारचा किनारा वाहन असलेल्यास जवळ. गुडघे दुखणाऱ्यास ते दूरच. पूर्वी घरापुढे अंगण होते, देवळाजवळ पार होता. मन जड झाले की माणूस दोन पावले चालून पारावर बसे. कोणी ना कोणी भेटे. अंगण जाऊन सदनिका आली. पार मात्र मागेच राहिला.

झाडांच्या सान्निध्याने मन हलके होते, ही आता केवळ कविकल्पना नव्हे. फिलाडेल्फिया शहरातील ५४१ ओसाड भूखंडांवरील एका प्रयोगाचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. त्यांपैकी काही भूखंडांवरील कचरा काढून तेथे हिरवळ व थोडी झाडे लावण्यात आली आणि ठेंगणे कुंपण घालण्यात आले. ओसाडच राहिलेल्या भूखंडांच्या शेजाऱ्यांशी तुलना करता, या भूखंडांजवळील रहिवाशांत उदासीनतेची भावना ४१ टक्क्यांहून अधिक घटली. तेथे भव्य उद्यान कोणी उभारले नव्हते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागानेही घरापासून ३०० मीटरांच्या आत, म्हणजे सुमारे पाच मिनिटांच्या वाटेवर, सार्वजनिक हिरवी जागा असावी असे सुचविले आहे.

बाग म्हणजे औषध नव्हे. तीव्र मनोविकारास डॉक्टरच हवा. त्यासाठी बांबोळीची वाट धरण्यात कमीपणा मानू नये. परंतु एकटेपणाने खचणाऱ्या मनाला तिथवर जाण्याची पाळीच येऊ नये, यासाठी समाजाने काही करावयास नको काय?

वसाहतींच्या आराखड्यांत राखून ठेवलेल्या मोकळ्या जागांपैकी कित्येक आज रान माजून, कचरा साठून किंवा वाहने उभी राहून वाया जातात. नगरपालिकांनी प्रथम त्यांची प्रभागवार यादी जाहीर करावी. मग तेथे सावलीची झाडे, पाठीचे बाक, पायऱ्यांविना प्रवेश आणि संध्याकाळी दिवा एवढेच द्यावे. फाटकाला कुलूप असेल, तर ते पहाटे उघडावे. कारंजी आणि उद्घाटनाच्या फलकांवाचून काही अडणार नाही. त्या वृद्धास जिना उतरून सावलीत बसता आले आणि शेजाऱ्याने त्याची विचारपूस केली, की ती जागा सार्थकी लागली असे आम्ही समजू.