बांबूची पाने गळू लागली की...

होळीच्या सुमारास आमच्या सोसायटीत दरवर्षी एक गाऱ्हाणे ठरलेले असते. तळमजल्यावरच्या काकू झाडू घेऊन फाटकाशी उभ्या राहतात. “भाऊ, हा बांबू रोज टोपलीभर पाने टाकतो. वाळलाय तो. काढून टाका एकदाचा!” यंदा तर सभेत तसा ठरावच आला.

हे बेट वसईतल्या एका जुन्या वाडीच्या कुंपणाचे. वाडी गेली, केळी गेल्या, विहीर बुजली. बेट तेवढे राहिले. ते तोडायचे म्हटल्यावर माझ्या जिवाला चुटपुट लागली. सकाळी खाली जाऊन एक फांदी वाकवून पाहिली. जुनी पाने पिवळी पडली होती, पण शेंड्याला सुरळीसारखे गुंडाळलेले नवे पान डोकावत होते. मी सभेला विनंती केली, पहिल्या पावसापर्यंत थांबा.

बांबू हे खरे तर गवताच्या कुळातले. हिवाळा सरताना तुंगारेश्वरच्या डोंगरावरची झाडे पाने टाकतात, तसाच आपल्याकडचा बांबूही कोरड्या दिवसांत जुनी पाने टाकून पाणी वाचवतो. तेव्हा पाने गळताना दिसली, की घाबरण्याआधी शेंडा पाहावा. तिथे नवे पान असेल तर झाड जिवंत आहे. आणि तो कचरा जाळू नये; बुंध्याशी पसरावा. ओल टिकते आणि पुढे त्याचेच खत होते.

मात्र प्रत्येक पानगळ निरोगी नसते. भर दुपारी पाने सुरळी होऊन संध्याकाळी पुन्हा उलगडली, तर झाड तहानलेले आहे. रोज शिंपडा देण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी मुळांपर्यंत भरपूर पाणी द्यावे. माती ओलीच असून सगळी पाने पिवळी पडली, तर उलट पाणी जास्त झाले, मुळे कुजत आहेत. कुंडीचे भोक बुजले आहे का ते पाहावे. पानांच्या मागे बारीक जाळी आणि पांढुरके ठिपके दिसले तर ती कोळी किडीची खूण. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानांची मागची बाजू धुवावी.

आपल्या वसई-विरार पट्ट्यात आणखी एक कारण आहे. किनाऱ्याजवळच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते. ते कुंडीत सतत पडले की मातीत क्षार साठतात आणि पानांची टोके तपकिरी होऊन करपतात. अशा वेळी पावसाचे किंवा गोडे पाणी कुंडीतून दोन-तीनदा भरपूर ओतून, खालून वाहू द्यावे. कुंडी मुळांनी गच्च भरली असेल तर पावसाळ्याच्या तोंडावर गड्डा फोडून दोन कुंड्यांत लावावा.

दिवाणखान्यात पाण्यात ठेवतात तो ‘लकी बांबू’ मात्र बांबू नव्हेच. तो आफ्रिकेतून आलेला ड्रसीना. त्याची पाने पिवळी पडली तर त्याला कडक उन्हातून हलवावे आणि आठवड्याला पाणी बदलावे. नळाच्या पाण्यातले क्षार त्याला सोसत नाहीत. गाळलेले पावसाचे पाणी उत्तम.

एका पानगळीवर मात्र औषध नाही. काटेरी कळकाला चार-पाच दशकांनी एकदा फुलोरा येतो, बी धरते आणि सारे बेट वाळून जाते. मिझोराममध्ये 1959 साली बांबू असाच फुलला, बियांवर उंदीर माजले, त्यांनी शेते फस्त केली आणि दुष्काळ पडला. पाने गळून फांद्यांवर गव्हाच्या ओंबीसारखे तुरे आले, तर झाडाचे आयुष्य संपत आले असे समजावे. बी गोळा करून नवी रोपे करावीत, एवढेच आपल्या हाती.

आमच्या बेटाला तुरे नव्हते. जूनमध्ये पहिला पाऊस झाला आणि आठवडाभराने बुंध्याशी मनगटाएवढे तीन कोंब वर आले. बांबूची काठी एकाच पावसाळ्यात आपली सारी उंची गाठते. तेव्हा मुलांना रोज मोजायला नवा खेळ मिळाला. काकू अजूनही झाडतात. पण पाने आता कचऱ्याच्या डब्यात जात नाहीत, कोंबांभोवती जातात. परवा एक मुलगा कोंबावर चेंडू मारताना दिसला, तर काकूच ओरडल्या, “अरे, हळू! मोडेल ना तो!”