डॉक्टरांच्या हातांनाही सराव हवा

घरातील वडीलधारे माणूस मध्यरात्री अचानक कोसळले, तर आपला हात प्रथम कोणाच्या क्रमांकाकडे जातो? पुष्कळ घरांत तो जवळच्या फॅमिली डॉक्टरांकडे जातो. वर्षानुवर्षांच्या विश्वासातून लागलेली ही सवय आहे. तथापि एक गोष्ट आपण ध्यानी घ्यायला हवी. आपले डॉक्टर रोज ताप, मधुमेह आणि रक्तदाब तपासतात. हृदय थांबलेला रुग्ण मात्र त्यांच्यासमोर क्वचितच येतो. ज्ञान शाबूत असते, पण हातांचा सराव सुटलेला असतो. पोहायला पुस्तक वाचून येत नाही, तसेच हेही. म्हणूनच डॉक्टर आणि परिचारिका यांच्यासाठी आणीबाणीच्या उपचारांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण वर्ग भरवले जातात. असा एखादा वर्ग आपल्या वस्तीत भरावा, यासाठी आपला ज्येष्ठ नागरिक संघही पुढाकार घेऊ शकतो.

अशा वर्गांमागे एक दुःखद हकीकत आहे. फेब्रुवारी 1976 मध्ये अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात जेम्स स्टायनर या अस्थिशल्यविशारदांचे छोटे विमान कोसळले. ते स्वतःच ते चालवत होते. पत्नी जागीच गेली, मुले गंभीर जखमी झाली. ग्रामीण रुग्णालयात मिळालेले उपचार पाहून ते अस्वस्थ झाले. तेथे उणीव होती ती कोणत्या क्रमाने काय करायचे, या शिक्षणाची. त्यांनी सहकाऱ्यांसह अभ्यासक्रम आखला. 1978 मध्ये पहिला वर्ग झाला आणि 1980 मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने तो स्वीकारला. आज जगभर अपघातग्रस्तांवरील उपचार याच पद्धतीने शिकवले जातात. हृदय थांबण्याच्या प्रसंगासाठीही असेच स्वतंत्र वर्ग आहेत.

सरावाला इतके महत्त्व का? रक्ताभिसरण थांबल्यावर साधारण चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. छातीवर दाब आणि विजेचा झटका यांना होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या विलंबाने वाचण्याची शक्यता सुमारे सात ते दहा टक्क्यांनी घटते. पुस्तक उघडून पाहण्याएवढा वेळ तेथे नसतो.

आखणी कशी करावी?

प्रथम परिसरातील आठ-दहा डॉक्टरांना विचारावे की, त्यांना कोणत्या प्रसंगाची धास्ती वाटते. उत्तरांवरून विषय ठरतात: हृदयक्रिया थांबणे, पक्षाघात, घशात घास अडकणे, साखर एकाएकी उतरणे. मग जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी किंवा भूलतज्ज्ञांच्या संघटनेशी संपर्क साधून मान्यताप्राप्त प्रशिक्षक मिळवावेत. वार रविवारचा धरावा, कारण इतर दिवशी दवाखाने सुरू असतात. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या नोंदणी-नूतनीकरणासाठी डॉक्टरांना पाच वर्षांत 30 क्रेडिट मिळवावे लागतात. वर्गाला मान्यता मिळवण्याचा अर्ज बराच आधी केला, तर उपस्थितीला आणखी एक कारण मिळते.

सभागृहात खुर्च्यांच्या रांगा लावू नयेत. सराव जमिनीवर गुडघे टेकून होतो. त्यासाठी सतरंज्या आणि मोकळी जागा हवी. सहा जणांमागे एक प्रशिक्षक आणि एक पुतळा असावा, म्हणजे प्रत्येकाचे हात चालतात. प्रत्येक वापरानंतर पुतळा जंतुनाशकाने पुसण्याची व्यवस्था हवी. वर्गाआधी वाचनसाहित्य आणि छोटी चाचणी द्यावी, शेवटी प्रत्यक्ष परीक्षा घ्यावी. प्रत्येक प्रसंग झाल्यावर कोणाचीही खिल्ली न उडवता काय जमले, काय निसटले, यावर चर्चा व्हावी. खरे शिक्षण बहुधा तेथेच होते. सूचना मोठ्याने देणे, ऐकणाऱ्याने ती परत उच्चारणे आणि ‘झाले’ असे कळवणे, ही शिस्तही तेथेच अंगी बाणते.

आपला वाटा

या वर्गात आपण केवळ यजमान नसता. काही प्रसंगांत आपण ‘रुग्णा’ची भूमिका करू शकता. वृद्धांना, विशेषतः मधुमेहींना, हृदयविकाराच्या झटक्यात छातीत दुखेलच असे नाही. दम लागणे, घाम सुटणे, मळमळणे किंवा एकाएकी गोंधळल्यासारखे होणे, एवढेच दिसू शकते. हे आपल्या बोलीत, आपल्या ढंगात ऐकताना डॉक्टरांचे कान तयार होतात. मात्र छातीवर दाब देण्याचा सराव पुतळ्यावरच करायचा, जिवंत माणसावर कधीही नाही.

दुपारी तासभर शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबीयांसाठी राखून ठेवावा. इंडियन रिससिटेशन कौन्सिलने सामान्य नागरिकांसाठी केवळ छातीवर दाब देण्याची सोपी पद्धत ठरवली आहे. माणूस हाकेला प्रतिसाद देत नसेल आणि श्वास नसेल किंवा अडखळत असेल, तर 108 ला कळवावे. छातीच्या मध्यभागी तळहाताचा मागील भाग ठेवून मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यावा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. मदत येईपर्यंत थांबू नये. वृद्धांच्या बरगड्या कधी मोडतात. तरीही थांबायचे नसते, कारण बरगडी पुढे सांधता येते.

थांबण्याचाही विचार

एक प्रश्न मात्र कार्यक्रमपत्रिकेतून गाळू नये. असाध्य आजाराच्या अखेरच्या टप्प्यात कृत्रिम उपाय नकोत, असे काहींना वाटते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये अशा पूर्वलिखित इच्छापत्राला मान्यता दिली आणि 2023 मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करता येते. त्याची प्रत कुटुंबीयांकडे आणि फॅमिली डॉक्टरांकडे असावी. रात्री दोन वाजता दारात उभ्या राहिलेल्या डॉक्टरांना आपली इच्छा ठाऊक नसेल, तर ते प्रयत्न सुरूच करतील, आणि तेच योग्य आहे. तेव्हा हे बोलणे प्रकृती चांगली असतानाच करावे.

वर्गानंतर

हे कौशल्य काही महिन्यांतच मंदावू लागते. प्रमाणपत्राची मुदत बहुधा दोन वर्षांची असली, तरी दर तीन-चार महिन्यांनी अर्ध्या तासाची उजळणी हवी. त्या वेळी दवाखान्यातील तातडीच्या पेटीतील औषधांची मुदत, प्राणवायूच्या सिलिंडरमधील दाब आणि कृत्रिम श्वास देणारी अंबू बॅग तपासली जावी.

पुढच्या वेळी रक्तदाब तपासायला जाल, तेव्हा आपल्या डॉक्टरांना आदराने एवढेच विचारा: “डॉक्टरसाहेब, असा वर्ग आमच्या संघाने भरवला, तर आपण याल का?” तारीख त्यांच्या सोयीची घ्या, सभागृह आणि सतरंज्या आपल्या.