झालेला डाव पुन्हा मांडताना

२८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बाटुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुख हिने कोनेरू हंपी यांना नमवून महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. त्याच विजयाने तिला ग्रँडमास्टर हा किताबही मिळाला. वृत्तपत्रांतून आपण निकाल वाचला. डाव मात्र फार थोड्यांनी पाहिला. तो ७५ चालींचा आहे आणि त्यातील प्रत्येक चाल लिहून ठेवलेली आहे. वसतिगृहातील मुलाला बाटुमीला जाता येत नाही; तो डाव त्याच्या पटावर येऊ शकतो.

चाली वाचण्याची लिपी एका दुपारी शिकता येते. पटाच्या उभ्या ओळींना ए ते एच ही अक्षरे, आडव्या ओळींना १ ते ८ हे आकडे. खरे कष्ट पुढचे. विजेत्याच्या बाजूने बसावे, पुढची चाल कागदाने झाकावी, आपली चाल कारणासह वहीत लिहावी आणि मगच कागद सरकवावा. कारण न लिहिता केलेला सराव म्हणजे नुसती सोंगट्यांची हलवाहलव.

आरंभी लहान डाव घ्यावा. १८५५ साली कलकत्त्यात जॉन कॉक्रेन आणि महेशचंद्र बॅनर्जी यांच्यात झालेला एक डाव मला याकरिता फार आवडतो. १८ व्या चालीला कॉक्रेनच्या पांढऱ्या घोड्याने एफ७ वरचे प्यादे मारले. महेशचंद्रांनी आपला घोडा ए५ वर नेऊन वजिरावर रोखला. त्यांच्या उंटाचा मारा दोन्ही हत्तींवर होताच. येथे थांबावे. बहुतेक मुले वजीर वाचवायला धावतात. उत्तर वेगळेच आहे: घोडा एच६ वर जातो आणि घोडा व वजीर या दोघांचा एकदम शह बसतो. राजा एफ८ वर गेला तर वजीर एफ७ वर येऊन मात. कोपऱ्यात गेला तर वजीर जी८ वर जाऊन स्वतःला मारून घेतो. हत्तीला तो घ्यावाच लागतो. मग घोडा पुन्हा एफ७ वर, आणि आपल्याच सोंगट्यांनी कोंडलेल्या राजाला मात!

दिव्याचा डाव इतका सरळ नाही. तो जलद प्रकारातला, प्रत्येकीला १५ मिनिटे आणि दर चालीला १० सेकंदांची भर. म्हणून त्यात घड्याळही वाचावे लागते. संगणकाचे मत सर्वांत शेवटी पाहावे. जेथे आपली चाल चुकली तेथे वहीत खूण करावी आणि महिन्याने तोच डाव पुन्हा मांडावा.