दोन औषधं, एकच पंप
कपाशीवर फवारताना दोन कीटकनाशकं एकत्र कालवली, तर जोर नुसता जुळतो की वाढतो? चेस्टर ब्लिस या शास्त्रज्ञांनी १९३९ मध्ये याचा हिशेब मांडला. समजा, शंभर किडींपैकी पहिलं औषध ४० मारतं, दुसरं ५०. दोन्ही स्वतंत्रपणे काम करत असतील, तर वाचलेल्या ६० पैकी निम्म्या, म्हणजे आणखी ३० मरतील. अपेक्षा ७० ची, ९० ची नव्हे. पुष्कळांची गफलत इथेच होते. प्रयोगात ७४ मेल्या, तर तो योगायोग असू शकतो. ८८ मेल्या, प्रयोग पुन्हा करूनही तसंच दिसलं, तर औषधं एकमेकांना बळ देतात म्हणायला आधार मिळतो. किडीवरचा हा निष्कर्ष माणसाला तसाच लागू होत नाही; मिश्रण फवारणाऱ्याला किती घातक ठरेल, हे त्यावरून कळत नाही. म्हणून शेतकरी बंधूंनो, लेबलवर शिफारस नसलेलं मिश्रण पंपात भरू नका.