सात विभक्तींच्या देशात : प्रागमधील स्लाव भाषांचा अभ्यास

आपल्याकडे कुणी ‘मी परदेशी जाऊन स्लाव भाषा शिकणार’ म्हटले, की पहिला प्रश्न येतो, ‘म्हणजे रशियनच ना?’ रशियन हे त्या कुळातले सर्वांत मोठे घर खरे. पण पोलिश, चेक, स्लोव्हाक, युक्रेनियन, बल्गेरियन, सर्बियन ही सारी त्याच कुळातली. आज मी चेकपुरते बोलणार आहे. या कुळाच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत योसेफ दोब्रोव्स्की (१७५३–१८२९) हा पंडित अग्रभागी होता आणि त्याची कर्मभूमी प्राग होती. भाषाविज्ञानातले प्रसिद्ध ‘प्राग मंडळ’ही तिथेच १९२६ साली उभे राहिले.

आधी व्यवहार. चेक प्रजासत्ताकातल्या सरकारी विद्यापीठांत चेक माध्यमातून शिकणाऱ्याला, तो कोणत्याही देशाचा असो, ठरल्या मुदतीत अभ्यास पुरा केल्यास शिक्षणशुल्क पडत नाही. इंग्रजी माध्यम घेतले की पडते. पण ‘फुकट’ या शब्दाने हुरळून जाऊ नये. राहण्याजेवण्याचा खर्च आपला, व्हिसासाठी पैशांची तजवीज दाखवावी लागते ती निराळी, आणि प्रवेशाआधी चेक चांगली यावी लागते. चार्ल्स विद्यापीठाची (स्थापना १३४८) परदेशी विद्यार्थ्यांच्या वर्षभराच्या पूर्वतयारीसाठी वेगळी संस्था आहे; पोदेब्रादी या गावी तिचे केंद्र आहे. तिथले शुल्क मात्र भरावे लागते. ते वर्ष वाचवू पाहणारे विद्यार्थी पुढे व्याख्यानांत नुसते बसून राहतात, म्हणून ते वाचवू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आता भाषेकडे. चेकमध्ये विभक्ती सात. ऐकणारा दचकतो, पण ज्याने शाळेत ‘रामः रामौ रामाः’ घोकले त्याने दचकू नये. लिंगे तीन, मराठीसारखीच. हिंदीभाषकाला जो नपुंसकलिंगाचा अडसर वाटतो तो आपल्याला वाटत नाही. संबोधनही जिवंत आहे. ‘मामा’ म्हणजे तिथे आई, आणि हाक मारताना ‘मामो!’ रशियनने ही विभक्ती बहुतेक टाकून दिली आहे.

त्याहून मौजेची गोष्ट कर्माची. आपण ‘झाड पाहतो’, पण ‘भावाला पाहतो’. सजीवाला ‘ला’ लागतो. चेकमध्ये झाड म्हणजे ‘स्त्रोम’, ते कर्म झाले तरी तसेच राहते. भाऊ म्हणजे ‘ब्रातर’, त्याचा मात्र ‘ब्रात्रा’ होतो. तिथे हा भेद एकवचनात पुल्लिंगापुरताच आहे, तरी त्यामागचा विचार मराठी मुलाला समजावून सांगावा लागत नाही.

इथेच एक धोका आहे. ‘तो गेला’ म्हणजे ‘शेल’, ‘ती गेली’ म्हणजे ‘श्ला’, ‘ते गेले’ म्हणजे ‘श्लो’. हा ‘ल’ पाहून ‘दोन्ही भाषा बहिणी’ असे म्हणण्याचा मोह होतो. दोन्ही भाषा इंडो-युरोपीय आहेत हे खरे. पण मराठीतला ‘ल’ प्राकृतातल्या ‘इल्ल’ प्रत्ययातून आला, स्लावांचा त्यांच्या जुन्या धातुसाधितातून. ‘ब्रातर’ आणि ‘भ्राता’ यांचे नाते खरे, ‘शेल’ आणि ‘गेला’ यांचे नाही. अशी गाळणी लावायला शिकणे हाच या अभ्यासाचा मोठा भाग आहे, आणि त्यासाठी नवव्या शतकातली प्राचीन चर्च स्लाव भाषा अभ्यासावी लागते. जोडीला बहुधा आणखी एक स्लाव भाषाही घ्यावी लागते.

मराठी विद्यार्थी खरा अडतो तो क्रियापदाशी. ‘प्साल’ म्हणजे तो लिहीत होता. ‘नाप्साल’ म्हणजे त्याने लिहून पुरे केले. आपण ‘लिहिले’ आणि ‘लिहून काढले’ असा फरक करतो, पण तो ऐच्छिक असतो. तिथे जवळजवळ प्रत्येक वाक्यात निवड करावीच लागते, आणि चुकली तर अर्थ बदलतो.

शेवटी बोलीची गोष्ट. वर्गात खिडकीला ‘ओक्नो’ शिकवतात. ट्राममध्ये कानांवर ‘वोक्नो’ पडते. ‘मोठा’ म्हणजे पुस्तकात ‘व्हेल्की’, बोलण्यात ‘व्हेल्केय’. प्रागमधला शिकलेला माणूसही घरी असाच बोलतो. बडोद्या-इंदूरच्या घरांतून पुस्तकी मराठी आणि घरची मराठी अशा दोन वाटांनी वाढलेल्या मुलांना हे नवे नाही. तरी पहिली दोन वर्षे परक्याने ‘ओक्नो’च म्हणावे. अर्धवट बोलीपेक्षा शुद्ध पुस्तकी चेक तिथल्या लोकांना बरी वाटते, आणि परीक्षेत तीच लागते.